मावश्यांची चौकशी

फोनवर मी जे बोललो त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. पलीकडच्या बाई जे बोलल्या त्यातलाही नव्हता. तरीही त्या फोनातून सरकारी चौकशी उभी राहिली. आमच्या घरात या प्रकरणाला 'तुमचा तो फोन' असं नाव आहे, आणि त्यातल्या 'तुमचा'वर बायको जरा जोरच देते. म्हणून तो फोन आधी जसाच्या तसा सांगतो. न्याय वाचकांनी करावा.

फोन केला तो बायकोच्या मावशींसाठी. या मावशींनी तिला लहानाचं मोठं केलं. त्यांचा पत्त्यांचा अड्डा होता, चौघी दुपारी जमायच्या आणि अंधार पडला की नाइलाजानं उठायच्या. मग एक लेकाकडे कायमची राहायला गेली, दुसरीला ऐकू येईनासं झालं, आणि तिसरी हुकमाच्या एक्क्यावरून भांडून गेली ती परत फिरकली नाही. मावशी उरल्या एकट्या. तेव्हापासून त्या घराबाहेर पडत नव्हत्या. खिडक्यांचे पडदे ओढलेले, आणि काहीही विचारलं तरी "मला कशाला" हे एकच उत्तर. बायको रोज संध्याकाळी फोन करून विचारायची, "जेवलीस का?" तर "हो." "काय जेवलीस?" म्हटलं की पलीकडून हवापाण्याचा विषय निघायचा. आमच्याकडे येऊन राहा म्हटलं तर त्या म्हणायच्या, "तुमच्याकडे खेळायला कोण आहे?" मी समोरच बसलेला असायचो. पण मला त्या खेळाडूत धरत नाहीत. हुकूम कोणता, असं मी एका डावात दोनदा विचारतो, एवढाच माझा गुन्हा.

"हिला चार दिवस कुठेतरी न्यायचं," बायकोनं ठरवलं. "हॉटेल नको. घर हवं, माणसं हवीत. ही अशीच राहिली तर एक दिवस उठायचीच नाही अंथरुणातून."

हे बोलताना तिचा आवाज चिरकला, म्हणून मी पुढे काही न विचारता शोधाला लागलो. 'निवास आणि न्याहारी. घरगुती, उबदार, शांत.' एवढीच जाहिरात होती. मी फोन लावला.

"घरात कोण कोण असतं?" मी विचारलं.

"मी आणि तीन मावश्या," बाई म्हणाल्या. "आधीच सांगते हो. काही पाहुण्यांना चालत नाहीत."

मला त्या पाहुण्यांचा मनापासून राग आला. "काय माणसं असतात! आम्हाला उलट आनंदच आहे."

"असं म्हणणारं कुणी भेटतच नाही." बाईंचा आवाज एकदम मऊ झाला. "त्रास काही नाही त्यांचा. दिवसभर उन्हात पडून असतात. थोरलीला एका डोळ्यानं दिसत नाही. मधली जरा भांडखोर आहे. धाकटी मात्र मायाळू, नव्या माणसाच्यासुद्धा मांडीवर येऊन बसते."

म्हातारपणी माणूस लहान मूल होतं हे मी ऐकून होतो. मांडीचा मुद्दा मी त्यात जमा केला.

"आमच्याही मावशी सोबत येणार आहेत," मी म्हणालो.

"अय्या! किती आहेत?"

"एकच आहेत."

"म्हणजे एकच ना? चालेल की. पहिल्या दिवशी थोडी गुरगुर होईल, मग रुळेल. प्रवास सोसतो का?"

"गाडी लागते त्यांना."

"मग निघायच्या आधी काही खायला घालू नका. आणि वरून फडकं टाका. बाहेरचं दिसलं नाही की गप्प बसतात."

बाईंना वृद्धांचा दांडगा अनुभव दिसतो, असं मी मनाशी म्हटलं.

"खोलीत बशी आणि वाळू ठेवते," त्या शेवटी म्हणाल्या.

बशी चहाची, आणि वाळू आगीसाठी. आमच्या ऑफिसातही जिन्याखाली वाळूच्या लाल बादल्या टांगलेल्या आहेत. नियम पाळणारी बाई सापडली म्हणून मी तिथल्या तिथे दोन खोल्या पक्क्या केल्या.

मांजर ही वाघाची मावशी लागते हे मला पहिलीपासून ठाऊक आहे. माझं म्हणणं एवढंच की मांजराला मांजर म्हणायची सोय भाषेत असताना सरळ नात्यावर कशाला जायचं? बरं, जायचंच तर पूर्ण नातं सांगावं. वाघाचा उल्लेख गाळून नुसतं 'मावशी' म्हटलं तर ऐकणाऱ्यानं काय समजायचं? बायकोला हा मुद्दा मी अनेकदा समजावून सांगितला आहे.

'तीन मावश्या' ऐकल्यावर मावशींनी बऱ्याच दिवसांत पहिल्यांदा मान वर केली. "तीन?" असं म्हणून त्यांनी बोटं मोजली, स्वतःला धरून चार भरली, आणि उठून कपाटातून पत्ते काढले. इतकंच नाही, तर बंद पडलेलं विणकामही बाहेर आलं. निघेपर्यंत तिघींसाठी लोकरी मोज्यांचे तीन जोड तयार होते. "म्हाताऱ्या बायकांचे पाय गार पडतात," त्या म्हणाल्या. जणू स्वतः त्या गटात नव्हत्याच. बायको त्या दिवशी माझ्याशी इतकं गोड बोलली की मलाच चुकल्याचुकल्यासारखं झालं.

शेजाऱ्यांनी आपापला सल्ला दिला. वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "तीन म्हाताऱ्यांत चौथी नेऊ नका, गट पडतात." शेजारचे बँकवाले म्हणाले, तिन्ही मावश्या एका वयाच्या आहेत का ते आधी विचारा, नाहीतर खुर्चीवरून वाद होतो. खालचा इस्त्रीवाला म्हणाला, घेऊन जा बिनधास्त, पण परतीची तिकिटं आधी काढा. मांजराचा विचार एकाच्याही डोक्यात आला नाही, हे मला इथे मुद्दाम नोंदवायचं आहे.

मावशींना ठरल्याप्रमाणे गाडी लागली. उतरलो तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर रंग नव्हता. दार उघडंच होतं, बायको त्यांना धरून थेट वरच्या खोलीत घेऊन गेली. मी सामान उचलून आत ठेवतोय, तेवढ्यात स्वयंपाकघरातून घरमालकीणबाई हात पुसत आल्या. ठेंगण्या, गोल चष्म्याच्या, आणि अंगावरच्या स्वेटरला सगळीकडे केस चिकटलेले.

"आलात? मावशी कुठाय?" त्यांनी माझ्या हातातल्या पिशव्यांत डोकावून पाहिलं. "गुदमरली नाही ना?"

"वर गेल्या."

"सुटी सोडलीत?" बाई किंचाळल्या. "अहो, आमची थोरली आहे वर! फाडून खाईल तिला!"

त्या जिन्यावरून धावल्या. मी मागून धावलो. मला दिसत होती ती एका डोळ्यानं अधू असलेली, अंगावर धावून येणारी म्हातारी. जिन्याच्या वळणावर एक मोठं करड्या रंगाचं मांजर पाय पोटाशी घेऊन बसलं होतं. त्यानं एका डोळ्यानं माझ्याकडे पाहिलं. दुसरा मिटलेला होता.

"थोरले, चल खाली!" बाई त्याला म्हणाल्या.

मी जिन्यावर बसलो. बाई माझ्याकडे बघत होत्या, मी मांजराकडे, आणि मांजर कुणाकडेच नाही. मग वरून मावशींच्या खोकण्याचा आवाज आला. तो माणसाचा आहे हे कळल्यावर बाईही माझ्याशेजारी पायरीवर बसल्या.

"म्हणजे तुमच्या मावशी या… मावशी आहेत?"

"सख्ख्या. बायकोच्या."

बाईंनी तोंडाला स्वेटरची बाही लावली आणि त्या हसायला लागल्या. हसून हसून त्यांनी चष्मा काढून पुसला. मला मात्र हसू येत नव्हतं. बायकोला हाक मारून मी कानात सगळं सांगितलं. तिनं नुसतं खोलीच्या दाराकडे बोट दाखवलं. आत मावशी डोळे मिटून पडल्या होत्या, आणि उशाशी टेबलावर पत्त्यांचा जोड आणि मोज्यांचे तीन जोड नीट मांडून ठेवले होते.

"आज नको," बायको जिन्यात येऊन म्हणाली. "आज सांगितलं तर ती आल्या पावली परत निघेल, आणि पुन्हा आयुष्यात कुठे यायची नाही. उद्या सांगा. आणि तुम्हीच सांगायचं. फोन तुमचा होता."

मी बाईंना विनंती केली, की उद्यापर्यंत मांजरं मावशींच्या नजरेस पडू देऊ नका. बाई दिलदार निघाल्या. तिघींना मागच्या कोठीच्या खोलीत घालून त्यांनी बाहेरून कडी लावली. इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण खोलीतली बशी आणि वाळूचा ट्रे उचलायचं कुणाच्याच लक्षात राहिलं नाही.

दुपारी मावशींना हुशारी आली. "जावईबापू," त्यांनी मला हाक मारली, "हे काय?"

"वाळू. आग लागली तर."

"एवढ्याशा वाळूनं काय विझणार? आणि ही खाली जमिनीवर बशी?"

"बशी आहे," मी म्हणालो. याहून चांगलं उत्तर मला अजूनही सुचलेलं नाही.

मावशींनी ट्रे पाहिला, बशी पाहिली. मग मोजे घेऊन खाली आल्या आणि बाईंच्या हातात ठेवले. "मावश्यांना द्या. थंडी आहे."

बाईंनी मोजे उलटेपालटे करून पाहिले. वचन दिलेलं होतं. "देते की. पण त्या… घालून घेतील असं वाटत नाही हो."

"का? हात नाही लावू देत?"

"धाकटी देते. मधली ओरबाडते."

"आहेत कुठे त्या?"

"आत आहेत," बाई माझ्याकडे बघत म्हणाल्या. "आराम करताहेत." इतका वाईट अभिनय मी उभ्या आयुष्यात पाहिलेला नाही.

मावशींच्या खोलीची खिडकी नेमकी मागच्या अंगणावर उघडत होती, आणि कोठीचं दुसरं दार त्याच अंगणात. दिवे लागायच्या वेळी बाई तिघींना जेवण द्यायला तिथे गेल्या. त्यांना मांजरांशी मोठ्यानं बोलायची सवय. घरात दुसरं कुणी नसलं की माणसाला ती लागते. त्या दिवशी मावशींनी खिडकीतून काय काय ऐकलं, ते पुढे चौकशीत उघड झालं. मी ते इथेच सांगून टाकतो.

"थोरले, तुला अर्धंच मिळणार. पोट बघ किती सुटलंय!"

"मधले, पुन्हा तिच्या ताटलीत तोंड घातलंस तर थंडीत बाहेर काढीन."

"सगळ्या उशांवर केस! लाज वाटत नाही?"

"धाकटे, उद्या तुझी नखं कापायची आहेत. दोघांनी दाबून धरलं तरी गेल्या वेळेला चावलीस. या वेळेला पोत्यात घालणार."

आणि सगळं अरे-तुरेत. मावशी स्वतः दूधवाल्याच्या पोरालाही अहो म्हणणाऱ्या. म्हाताऱ्या बायकांना कुणी 'लाज वाटत नाही' म्हणतंय, हे त्यांनी खिडकीचे गज धरून ऐकलं.

आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं. आम्ही पाहिलं ते एवढंच, की मावशी ताठ मानेनं जेवायला आल्या. गालांवर रंग होता. बाई वाढत असताना त्या एकामागून एक प्रश्न विचारत होत्या. घर कुणाच्या नावावर आहे? मावश्या कधीपासून आहेत? त्या आपल्याबरोबर का जेवत नाहीत? "टेबलावर बसू दिलं की सवय लागते हो," असं बाई बोलून गेल्या आणि मग त्यांनी जीभ चावली. मावशींनी घास तसाच ताटात ठेवला. बायकोनं मला टेबलाखालून पाय लावला. तिचे डोळे चमकत होते. मावशी इतकं बोलल्याला किती दिवस झाले होते!

सकाळी तर कमालच झाली. न्याहारी होताच मावशी म्हणाल्या, "जरा पाय मोकळे करून येते." एकट्या! आम्ही दोघं खिडकीत उभं राहून त्यांना जाताना बघत होतो. हातात पर्स, चाल झपाझप. बायकोनं डोळे पुसले. "सांगू नका इतक्यात," ती म्हणाली. "चांगलं चाललंय."

तरी कधीतरी सांगावं लागणारच होतं. मी कुंपणापाशी घोटाळत असताना पलीकडचे निवृत्त मास्तर झाडांना पाणी घालत होते. बाईंनी त्यांना सगळं सांगून टाकलेलं दिसलं, कारण ते नळी बंद करून सल्ला द्यायला उभेच राहिले. "एकदम तीन सांगू नका," ते म्हणाले. "आधी एक सांगा. म्हणजे, एक मावशी मांजर आहे म्हणावं. ती पचली की दुसरी." मी म्हटलं, एक मांजर आणि दोन बायका सख्ख्या बहिणी कशा असतील? मास्तर विचारात पडले. "हं, तिथे अडचण आहे," असं म्हणून त्यांनी नळी पुन्हा सुरू केली.

मावशी पाय मोकळे करायला गेल्या होत्या त्या ज्येष्ठ नागरिकांच्या मदत कार्यालयात. पहिल्या खिडकीवर त्यांना सांगण्यात आलं, की ज्याच्यावर अन्याय झाला त्यानं स्वतः यावं. "त्यांना कोंडलंय!" "मग सुटल्या की घेऊन या." दुसऱ्या खिडकीवर म्हणाले, पत्ता आमच्या हद्दीत येतो, पण रस्त्याची फक्त डावी बाजू. घर उजवीकडे होतं. तिसऱ्या खिडकीवर कुणी नव्हतंच, खुर्चीवर नुसता कोट टांगलेला. मावशींनी तो कोट बाजूला केला आणि स्वतः त्या खुर्चीवर बसल्या. कुणी येऊन बघेपर्यंत उठणार नाही म्हणाल्या. जिला घराचा उंबरा ओलांडवत नव्हता, ती बाई दुसऱ्याच्या खुर्चीवर ठाण मांडून बसली होती. शेवटी कोटाचे मालकच त्यांच्याबरोबर निघाले.

मी मनात वाक्यं जुळवत दिवाणखान्यात बसलो होतो. दार वाजलं. मावशी, आणि त्यांच्यामागे कोट घातलेले, बगलेत फाईल धरलेले एक थकलेले साहेब.

"घरमालक कोण?" साहेबांनी विचारलं.

बाई पुढे आल्या. फाईल बघून त्यांना वाटलं, कुणीतरी मांजरांबद्दल तक्रार केली. असं पूर्वी एकदा झालं होतं. त्यामुळे त्या आधीच चिडल्या.

"तुमच्याकडे तीन मावश्या आहेत?"

"आहेत. कुणाच्या एका पैशाला मिंध्या नाहीत त्या."

"सध्या कुठे आहेत?"

"कोठीत. या पाहुण्यांनीच सांगितलं दिसू देऊ नका म्हणून." बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. मावशींनी वळून माझ्याकडे असं पाहिलं की मी बसल्या जागी उभा राहिलो.

"दाराला कडी आहे?"

"मग? उघडं ठेवलं तर पळत नाहीत का?"

साहेबांनी लिहून घेतलं. "खायला काय देता?"

"दोन वेळा देते. थोरलीचं अर्धं केलंय, डॉक्टर म्हणाले."

"वय?"

"थोरली चौदा."

साहेबांचं पेन थांबलं. "चौऱ्याहत्तर?"

"चौदा हो."

"त्यांचं तुमचं नातं?"

"नातं कसलं! थोरली थंडीत दाराशी येऊन बसली होती, घेतली आत. मधलीला कुणीतरी पिशवीत बांधून फाटकाशी टाकून गेलं."

"पिशवीत!" मावशींना राहवेना. "साहेब, लिहिताय काय? आधी दार उघडा!"

"मावशी, थांबा, मला एक सांगायचंय," मी म्हणालो. दोन दिवसांत मी काढलेला हा पहिला धाडसी शब्द, आणि तोही उशिराच. मावशी तोवर कोठीपाशी पोचल्या होत्या. त्यांनी कडी काढली आणि दार सताड उघडलं.

"या बाहेर," त्या आत बघून म्हणाल्या. "घाबरू नका. मी आहे."

आधी करडी आली, एका डोळ्याची. तिच्यामागून काळी, शेपटी फुगवून. शेवटी एक लहानखुरी पांढरी, ती सरळ मावशींच्या पायाला अंग घासू लागली. मावशी त्यांच्या मागे, आतल्या अंधारात बघत राहिल्या. अजून कुणीतरी येईल अशी वाट बघत असाव्यात. कुणी आलं नाही.

"या मावश्या?" साहेब म्हणाले.

"मग कुठल्या?" बाई म्हणाल्या.

मला वाटलं मावशी मला बोलतील. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या म्हणाल्या, "म्हणजे खेळायला कुणीच नाही." आणि जिना चढून गेल्या. त्यांचे खांदे पुन्हा पूर्वीसारखे पडले होते. पांढरी मांजर दोन पायऱ्या त्यांच्यामागून गेली आणि परत आली.

वरून बॅगेची चेन लावल्याचा आवाज आला. "संपलं," बायको म्हणाली. "आता ही घराबाहेर पाऊल टाकायची नाही. चार माणसांत हसं झालं तिचं." ती माझ्यावर रागावलीसुद्धा नाही. मला इतकं वाईट याआधी कधी वाटलं नव्हतं, आणि त्यावर काय करावं हेही कळत नव्हतं.

साहेबांची वेगळीच पंचाईत होती. "मला असं जाता येणार नाही," ते म्हणाले. "तक्रार दाखल झाली आहे. वृद्ध व्यक्तीची आबाळ. मांजर लिहायला जागा नाही तिथे. वृद्ध व्यक्ती बघितल्याशिवाय तक्रार मिटत नाही." त्यांनी आमच्याकडे आळीपाळीनं पाहिलं. माझ्यावर नजर जरा जास्त रेंगाळली, ते मला आवडलं नाही. मग ते बाईंकडे वळले. "तुमचं वय काय?"

"माझं? एकोणसत्तर."

"मग तुम्ही चालाल. सोबत कोण असतं?"

"सांगितलं की."

"माणूस म्हणतोय मी."

बाईंनी काळीला उचलून कडेवर घेतलं. "पाहुणे येतात अधूनमधून."

"दोन वेळा जेवता?"

बाई हसल्या. "पाहुणे असले की जेवते."

"आणि नसले की?"

हा प्रश्न साहेबांचा नव्हता. मावशी बॅग घेऊन जिन्यात उभ्या होत्या.

"नसले की काय," बाई म्हणाल्या, "एकटीसाठी कुठे मांडत बसायचं सगळं? यांना घालते. त्यांचं दूध उरतं, त्यात पाव बुडवते. चालतं."

'काय जेवलीस' या प्रश्नाचं उत्तर इतक्या दिवसांनी आम्हाला दुसऱ्याच बाईच्या तोंडून मिळालं होतं. मावशींनी बॅग पायरीवर ठेवली.

"साहेब," त्या म्हणाल्या, "तक्रार बरोबर होती. मावशी चुकली, एवढंच."

"मग लिहू काय मी?" साहेब म्हणाले.

"लिहा की चौकशी चालू आहे." मावशी खाली आल्या, आणि बाईंच्या समोर उभ्या राहिल्या. "तुम्ही आधी बसा त्या खुर्चीवर. उभ्यानं काय उत्तरं देताय! पत्ते येतात?"

"लग्नाआधी खेळायचे," बाई म्हणाल्या. त्यांचा चष्मा पुन्हा धुरकटला होता, पण या वेळी हसण्यानं नाही.

"येतील मग. हात विसरत नाही. साहेब, तुम्ही?"

"मी कामावर आहे," साहेब म्हणाले. थोडं थांबून त्यांनी कोट काढून खुर्चीला टांगला. "एकच डाव. चौकशीला वेळ हा लागतोच."

चौथी म्हणून बायको बसली. मी खुर्ची पुढे ओढली, तर मावशी पत्ते पिसता पिसता म्हणाल्या, "जावईबापू, तुम्ही मांजरं बघा."

मी मांजरं बघितली. काळीनं मला ओरबाडलं. करडी स्वयंपाकघरातून मोज्यांचा एक जोड ओढून घेऊन आली आणि त्यावर झोपली. पांढरी मावशींच्या मांडीवर जाऊन बसली ती उठलीच नाही. एक डाव म्हणता म्हणता बरेच झाले, साहेब दोनदा उठले आणि दोनदा बसले. कुंपणापलीकडून मास्तरांनी विचारलं, "पचली का?" मी म्हटलं, "तिन्ही पचल्या." मावशींनी पानं हातात धरूनच मोज्यांवरच्या करडीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तीन जोड कमी पडले. चार-चार पाय आहेत मेल्यांना. लोकर आणावी लागणार."

परतीच्या दिवशी आम्ही दोघंच निघालो. "लोकर संपेपर्यंत राहते," मावशी म्हणाल्या. मांजरांना मोजे कसे घालणार, हे मी विचारलं नाही. मी सुधारलो आहे.

घरी आल्यावर पुढच्या आठवड्यात मी तिथे फोन केला. या वेळी बायको शेजारी उभी होती, मी एकटा फोनवर बोलणं आता आमच्याकडे बंद आहे. बाईंनी उचलला.

"कोण कोण आहे घरी?" मी विचारलं.

"मी आणि चार मावश्या," बाई म्हणाल्या. "थोरली झोपलीय. मधलीनं आज मास्तरांना ओरबाडलं. चौथी पहिल्या दिवशी जरा गुरगुरली, पण आता रुळली."

"आणि जेवते का नीट?"

"दोन्ही वेळा. मला ताटावर बसवल्याशिवाय स्वतः घास घेत नाही." मागून पत्ते पिसल्याचा आवाज आला, आणि मावशींचं मोठ्यानं विचारणं, "कोण आहे? जावई का? त्यांना म्हणावं, चौकशी अजून चालू आहे!"

मी फोन बायकोच्या हातात दिला. तिनं नेहमीसारखं विचारलं, "काय जेवलीस?" आणि या वेळेला उत्तर इतकं लांबलं, की ती फोन कानाला लावूनच खाली जमिनीवर बसली.